कोल्हापुरातून किनाऱ्यावरच्या गणनेला: स्वयंसेवक पुन्हा पुन्हा विचारतात ते प्रश्न

कोल्हापूर आणि परिसरातून सिंधुदुर्ग व रत्नागिरीच्या किनाऱ्यावर पक्षी, कासवे, डॉल्फिन आणि ओहोटीत उघडे पडणारे जीव मोजण्यासाठी जाणाऱ्यांकडून जे प्रश्न सतत येतात, त्यांची उत्तरे येथे एकत्र केली आहेत. प्रत्येक उत्तर स्वतंत्रपणे वाचता येईल. एकच गोष्ट दोनदा सांगण्याऐवजी संबंधित प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. सुरुवातीचे प्रश्न नवख्यांचे आहेत. शेवटचे मात्र बऱ्याच गणना केलेल्यांनाही अडवतात.

१. कोल्हापूरला समुद्रच नाही. मग आम्ही किनाऱ्यावरच्या गणनेत काय करणार?

गगनबावड्याहून करूळ किंवा भुईबावडा घाटाने वैभववाडी, राधानगरीहून फोंडा घाटाने कणकवली, आजऱ्याहून आंबोलीमार्गे सावंतवाडी आणि शाहूवाडीहून आंबा घाटाने रत्नागिरी, असे चार मार्ग आपल्याला किनाऱ्यावर नेतात आणि साधारण साडेतीन-चार तासांत आपण वाळूवर उभे असतो. तरीही आपण तिथले रहिवासी नाही, ही मर्यादा आधीच मान्य करावी. कासवांच्या घरट्यांसाठी हंगामभर रोज पहाटे किनारा चालावा लागतो. ते काम त्या-त्या गावातल्या माणसांचेच आहे आणि तेच ते उत्तम करतात. ठरलेल्या तारखेला, ठरलेल्या जागी, ठरलेल्या पद्धतीने करायची गणना मात्र आपल्याला सहज जमते. त्यासाठी एकच किनारा किंवा एकच खाडी निवडावी आणि वर्षानुवर्षे तिथेच जावे. दर वेळी नवा किनारा पाहणे ही सहल झाली. तिला कोणाचीच हरकत नाही, पण त्यातून दोन वर्षांची तुलना करता येत नाही.

घाट उतरण्यापूर्वीचा सराव रंकाळा आणि कळंबा तलावावर करता येतो. वारकरी, पाणकावळे आणि बगळे हे पक्षी मोजताना हात बसला की खाडीवरचा थवा पाहून गोंधळ उडत नाही.

२. नागरिक विज्ञान म्हणजे नेमके काय? आमच्या नोंदी खरोखर कोणी वापरते का?

शास्त्रीय प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी सामान्य नागरिकांनी ठरावीक पद्धतीने निरीक्षणे गोळा करणे, म्हणजे नागरिक विज्ञान. यात ‘ठरावीक पद्धतीने’ हे शब्द सर्वांत महत्त्वाचे आहेत, कारण किनाऱ्यावर पक्षी पाहणारे पुष्कळ असतात, पण किती वेळ आणि कुठून पाहिले हे लिहिणारे थोडे असतात.

अशा नोंदींचा वापर नक्की होतो. आशियाई पाणपक्षी गणना १९८७ पासून दर जानेवारीत होते आणि ती जवळपास पूर्णपणे स्वयंसेवकांच्या बळावर उभी आहे. भारतातील पक्ष्यांच्या स्थितीवर २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अहवालात ९४२ जातींचे मूल्यमापन आहे. त्याचा आधार ३० हजारांहून अधिक पक्षीनिरीक्षकांनी ईबर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर भरलेल्या सुमारे ३ कोटी नोंदी हा होता. हिवाळ्यात आपल्या किनाऱ्यांवर उतरणारे स्थलांतरित पाणथळ पक्षी घटत आहेत, हे चित्र अशाच नोंदींतून पुढे आले.

३. मी प्राणिशास्त्र शिकलेलो नाही. चालेल का? मानधन मिळते का?

चालते. पदवीपेक्षा शिस्त आणि संयम यांची गरज अधिक असते. शिक्षक, बँक कर्मचारी, गृहिणी, वर्कशॉपमधले कारागीर असे सर्व प्रकारचे लोक हे काम करतात. कारखान्यात मोजमापाची सवय झालेली माणसे तर अनेकदा नोंदवहीत इतरांपेक्षा काटेकोर असतात. मानधन नसते आणि प्रवासखर्च ज्याचा त्याने करायचा असतो.

४. कोणत्या महिन्यात कोणते काम असते?

ऑक्टोबरपासून कुरव, सुरय, चिखल्या आणि तुतवार हे पक्षी किनाऱ्यावर येऊ लागतात आणि जानेवारीत त्यांची संख्या स्थिरावते. म्हणून मुख्य पाणपक्षी गणना जानेवारीत असते. ऑलिव्ह रिडले कासवांच्या विणीचा हंगाम साधारण नोव्हेंबर ते मार्च असून पिल्ले मे महिन्यापर्यंत बाहेर पडत राहतात. समुद्र शांत असतो त्या ऑक्टोबर ते मे या काळात डॉल्फिनच्या नोंदी होतात. खडकाळ किनाऱ्यावरचे जीव पाहण्यासाठी हिवाळ्यातली उधाणाची, म्हणजे अमावास्या-पौर्णिमेच्या आसपासची ओहोटी उत्तम.

पावसाळ्यात काम थांबते असा समज आहे, तो चुकीचा आहे. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, समुद्र खवळलेला असतो आणि त्या दिवसांत जखमी कासवे, थकलेले समुद्रपक्षी, मृत डॉल्फिन वाळूवर येण्याचे प्रमाण वाढते. या नोंदी अतिशय मोलाच्या असतात. मात्र दरडींचा इशारा असताना घाटात गाडी घालू नये. त्या दिवसांत गावातल्या परिचितांशी फोनवर संपर्क ठेवणे अधिक शहाणपणाचे.

५. काय काय साहित्य घ्यावे लागते?

८×४२ ची दुर्बीण, वही, शिसपेन्सिल, घड्याळ, टोपी, पाणी आणि निसरड्या खडकावर घट्ट बसणारे पादत्राण. शाईच्या पेनाची अक्षरे खाऱ्या पाण्याच्या थेंबाने फुटतात, म्हणून पेन्सिल. खाडीच्या पलीकडच्या काठावरचे पक्षी ओळखण्यासाठी तिपाईवरचा स्पॉटिंग स्कोप लागतो, पण तो गटात एक असला तरी पुरतो. महाग कॅमेरा असल्यास उत्तम, नसल्यास काही अडत नाही. खरे सांगायचे तर मोठी लेन्स घेऊन आलेला माणूस अनेकदा एका पक्ष्याच्या मागे जातो आणि उरलेला थवा उडवून लावतो. त्यामुळे मोजणी संपेपर्यंत कॅमेरे पिशवीत ठेवावेत असा आमचा आग्रह असतो.

६. भरती-ओहोटीची वेळ आम्हाला कशी कळणार? आणि तिचा मोजणीशी काय संबंध?

संबंध फार जवळचा आहे. ओहोटीत चिखल उघडा पडतो तेव्हा चिखल्या आणि तुतवार खाडीभर पांगून चरत असतात. भरती चढली की तेच पक्षी उरलेल्या कोरड्या पट्ट्यावर दाटीने गोळा होतात. म्हणून संख्या मोजायची तर भरतीच्या आगेमागे तासाभरात, आणि खडकांवरचे खेकडे, समुद्रफुले, शंख पाहायचे तर ओहोटीत जावे. एका वर्षी भरतीला आणि दुसऱ्या वर्षी ओहोटीला मोजले, तर आकडेवारीत दिसणारी घट पक्ष्यांची नसून पाण्याच्या पातळीची असू शकते.

वेळ काढण्याचा कोकणातला जुना हिशोब आजही कामी येतो. तिथीचा आकडा घ्यावा, त्याला पाऊणने गुणावे. जे उत्तर येईल ती भरतीची अंदाजे वेळ. चतुर्थीला चार पाऊण म्हणजे तीन, तेव्हा भरती तीन वाजता. अष्टमीला सहा वाजता. त्रयोदशीला पावणेदहा वाजता. त्यानंतर सुमारे सहा तासांनी पूर्ण ओहोटी, आणि पुन्हा तितक्याच वेळाने दुसरी भरती. शुक्ल आणि कृष्ण, दोन्ही पक्षांना हिशोब सारखाच लागू होतो. हा अंदाज आहे. किनारा बदलला, विशेषतः आपण खाडीच्या आत गेलो, की वेळ मागेपुढे होते. त्यामुळे कार्यक्रम ठरवायला तिथी वापरावी, पण वहीत लिहायची वेळ भरतीच्या छापील किंवा ऑनलाइन तक्त्यावरून घ्यावी.

कोल्हापुरातून पहाटे निघणाऱ्यांसाठी याचा थेट उपयोग असा, की पक्षी मोजायचे असतील तर त्रयोदशी किंवा चतुर्दशी निवडावी. म्हणजे आपण पोहोचून, चहा पिऊन स्थिरस्थावर होईपर्यंत भरती चढत आलेली असते. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाणाची भरती असल्यामुळे चिखल पूर्ण झाकला जातो आणि पक्षी अधिक दाटीने बसतात, हा आणखी एक फायदा. खडकांवरचे जीव पाहण्यासाठी मात्र हेच दिवस अडचणीचे ठरतात, कारण उधाणाची खोल ओहोटी पहाटे किंवा संध्याकाळी येते. तेव्हा एक तर आदल्या रात्री मुक्काम करावा, नाहीतर संध्याकाळची ओहोटी धरावी. अष्टमीला ओहोटी भर दुपारी मिळते, पण ती भांगाची. पाणी फारसे मागे जात नाही आणि खालच्या पट्ट्यातले खडक उघडेच पडत नाहीत.

पाणी परत फिरले की खडकावरून निघावे. सुकतीत, म्हणजे ओहोटीत, सहज ओलांडलेली चर भरतीत कमरेपर्यंत भरते, हे स्थानिकांना सांगावे लागत नाही. घाटावरच्या माणसाला सांगावे लागते.

७. हजारभर पक्ष्यांचा थवा एकेक करून कसा मोजायचा?

एकेक करून मोजू नये. आधी दहा पक्षी मोजावेत आणि दहांचा तो ठोकळा दुर्बिणीत किती जागा व्यापतो हे डोळ्यांत साठवावे. मग तसाच ठोकळा थव्यावर पुढे सरकवत दहा, वीस, तीस असे जावे. थवा मोठा असल्यास पन्नास किंवा शंभराचा ठोकळा करावा. बसलेल्या थव्याची कडा विरळ आणि मध्यभाग दाट असतो, हे लक्षात न घेतल्यामुळे नवखे लोक जवळजवळ नेहमी कमी मोजतात. दोघांनी स्वतंत्रपणे मोजून आकडे शेवटी पडताळावेत. मोजताना एकमेकांना आकडा सांगू नये, कारण मोठ्याने बोललेला पहिला आकडा दुसऱ्याच्या नजरेला खेचतो.

मिश्र थव्यात आधी एकूण संख्या काढावी. नंतर थव्याच्या तीन-चार वेगवेगळ्या भागांत प्रत्येकी शंभर पक्षी जातवार मोजून प्रमाण ठरवावे. देवबागच्या संगमासारख्या जागी तपकिरी डोक्याचे कुरव, काळ्या डोक्याचे कुरव आणि सुरय एकत्र बसलेले असताना दुसरी पद्धत व्यवहारात चालत नाही. थवा एकदम उडाला तर छायाचित्र घेऊन घरी मोजता येते; पण ‘छायाचित्रावरून मोजले’ असे नोंदीत लिहावे. अंदाजाचा आकडा ८५० असा लिहिला तरी चालतो. ८४७ असा लिहून खोटी अचूकता आणू नये.

८. पक्षी ओळखताच आला नाही तर?

जितके ठाऊक आहे तितकेच लिहावे. हिवाळी पिसाऱ्यातल्या लहान चिखल्यांच्या जाती दुरून जवळपास सारख्याच दिसतात. त्यांतल्या एकीच्या आता दोन स्वतंत्र जाती मानल्या जात असल्यामुळे अनुभवी निरीक्षकही अडखळतात. ईबर्डवर ‘ही किंवा ती’ आणि ‘या गटातील कोणतीतरी’ अशा दोन्ही नोंदींची सोय आहे आणि तेथे पक्ष्यांची नावे मराठीतही पाहता येतात. ‘अनोळखी चिखल्या, २००’ ही नोंद उपयोगी आहे. गटातल्या ज्येष्ठाने ठामपणे नाव सांगितले म्हणून मान डोलावून लिहिलेली नोंद मात्र धोक्याची, कारण चुकीची असूनही ती आत्मविश्वासाने पुढे जाते.

९. दोन तास चाललो, काहीच दिसले नाही. ही नोंद भरायची का?

होय, अवश्य भरावी. या एका मुद्द्यावर आम्ही कोणाचेही ऐकत नाही.

गणनेतून हवे असते ते बदलाचे चित्र. लोकांनी फक्त भरपूर पक्षी दिसलेले दिवस नोंदवले, तर प्रत्येक वर्ष भरभराटीचे दिसेल आणि जाती किनाऱ्यावरून नाहीशा होत असतानाही कागदावर त्या सुखात असतील. म्हणूनच प्रत्येक यादीसोबत चार गोष्टी लागतात: सुरुवातीची वेळ, एकूण मिनिटे, चाललेले अंतर आणि निरीक्षकांची संख्या. दिसलेल्या आणि ओळखता आलेल्या सर्व जाती लिहिल्या असतील तर यादी ‘पूर्ण’ म्हणून भरावी. मग यादीत नसलेली जात त्या वेळी तिथे आढळली नाही, असा अर्थ काढता येतो. केवळ आवडीचे चार पक्षी लिहिले असतील तर यादी ‘अपूर्ण’ म्हणूनच भरावी, त्यात कमीपणा नाही.

प्रत्यक्षात शून्याची नोंद भरताना लोकांना संकोच वाटतो. इतक्या लांबून, पेट्रोल जाळून गेलो आणि वही कोरी, हे मनाला पटत नाही. परतीच्या वाटेवर गगनबावड्याला चहा घेताना कोणीतरी ‘तो लांबचा ठिपका समुद्री गरुड असावा’ असे म्हणू लागते आणि गाडी शहरात शिरेपर्यंत त्या ठिपक्याला पांढरे पोट फुटलेले असते. यासाठी यादी किनाऱ्यावरच पूर्ण करून पाठवावी आणि नंतर तिच्यात भर घालू नये.

१०. आमच्याच गटातल्या दोघांनी एकच थवा नोंदवला तर आकडा दुप्पट होतो का?

गट एकत्र चालला असेल तर एकानेच यादी करावी आणि ती इतरांना सामायिक करावी. विश्लेषणात ती एकच धरली जाते. गट दोन टोकांना विभागला असेल तर दोन याद्या कराव्यात, पण मधली हद्द आधीच ठरवून घ्यावी, उदाहरणार्थ अमुक ओहोळ किंवा धक्का. थवा हद्द ओलांडून गेला तर ज्याच्याकडून गेला त्याने तो लिहावा आणि दुसऱ्याला फोनवर कळवावे.

११. कासवाचे घरटे सापडले तर आम्ही ते सुरक्षित जागी हलवावे का?

मुळीच नाही. ऑलिव्ह रिडले हे वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीतील प्राणी आहे आणि अंडी हाताळण्याचा अधिकार वनविभाग व त्याने नेमलेल्या कासवमित्रांनाच आहे. कायद्यापलीकडेही याला जैविक कारण आहे. अंडी घातल्यानंतर काही तासांतच गर्भ कवचाच्या आतल्या पडद्याला चिकटतो. त्यानंतर अंडे फिरले किंवा हिसकले तर गर्भ मरतो, आणि बाहेरून ते अंडे जसेच्या तसे दिसते.

आपण करायचे ते इतकेच: वाळूवरचा माग न पुसता त्याचे छायाचित्र घ्यावे, शेजारी मोजपट्टी किंवा चप्पल ठेवावी, ठिकाण नोंदवावे, आणि गावातल्या कासवमित्राला किंवा १९२६ या वनविभागाच्या मदतवाहिनीला कळवावे. ऑलिव्ह रिडलेच्या मागात डाव्या आणि उजव्या वल्ह्याच्या, म्हणजे वल्ह्यासारख्या पायाच्या, खुणा आळीपाळीने उमटतात. खुणा समोरासमोर, जोडीने उमटलेल्या असतील तर ते हिरवे कासव असू शकते, म्हणून अशा मागाचे छायाचित्र अधिक काळजीने घ्यावे. समुद्राकडून आलेला माग घरट्याशिवाय परत फिरलेला असेल तर तीही नोंदच आहे.

रात्री मादी दिसल्यास टॉर्च, फ्लॅश आणि गाडीचे दिवे बंद करावेत आणि ती परत जाईपर्यंत मागे, वाळूवर बसून राहावे.

१२. कासवाच्या वल्ह्यावर धातूची पट्टी किंवा पक्ष्याच्या पायात रंगीत कडे दिसले. काय करावे?

क्रमांक, रंग, कोणत्या पायात किंवा वल्ह्यात, आणि रंगांचा वरून खाली क्रम, हे सर्व लिहावे आणि स्पष्ट छायाचित्र घ्यावे. प्राण्याला पकडू नये. जिवंत प्राण्याची पट्टी काढणे तर दूरच.

एका पट्टीने काय कळू शकते याचे उदाहरण आपल्याच किनाऱ्यावर आहे. जानेवारी २०२५ मध्ये गुहागरला अंडी घालायला आलेल्या मादीच्या वल्ह्यावर ०३२३३ हा क्रमांक होता, आणि तो तिला २०२१ मध्ये ओडिशाच्या किनाऱ्यावर लावलेला निघाला. पूर्व किनाऱ्यावर विणीला गेलेली मादी पश्चिम किनाऱ्यावरही विणीला येऊ शकते, हे त्यातून दिसले. २०२२ मध्ये वेळास, आंजर्ले आणि गुहागर येथील पाच माद्यांना उपग्रह टॅग लावले होते. त्या उपकरणांनी बरीच माहिती दिली, पण अशी उपकरणे महाग असतात आणि कालांतराने बंद पडतात. धातूची साधी पट्टी वर्षानुवर्षे टिकते. अट एवढीच, की कोणीतरी ती वाचून कळवली पाहिजे.

१३. पर्यटकांच्या बोटीतून दिसलेले डॉल्फिन मोजावेत का?

मोजावेत, पण ती बोट डॉल्फिन शोधायलाच निघालेली होती हे लिहावे. तारकर्ली-देवबाग परिसरातल्या नाविकांना डॉल्फिन कुठे असतात हे नेमके ठाऊक असते. त्यामुळे अशा फेरीत ते दिसण्याची शक्यता सहज काढलेल्या फेरीपेक्षा पुष्कळ अधिक, आणि दोन्ही आकडे एकत्र केल्यास अर्थ उरत नाही. आपल्या किनाऱ्याजवळ दिसतात ते बहुधा कुबड असलेले हंपबॅक डॉल्फिन. ते उथळ पाण्यात, खाड्यांच्या तोंडाशी वावरतात, म्हणून एखाद्या उंच कड्यावरून किंवा किल्ल्याच्या तटावरून, ठरावीक वेळ नजर ठेवून केलेली गणना आम्हाला अधिक विश्वासार्ह वाटते.

सर्व डॉल्फिन एकाच वेळी वर येत नाहीत. यासाठी तीन आकडे लिहावेत: किमान, कमाल आणि सर्वांत संभाव्य. पाठीवरच्या परांचे बाजूने घेतलेले छायाचित्र असल्यास खाचा आणि व्रणांवरून तोच प्राणी पुन्हा ओळखता येतो. नाविकाला ‘अजून जवळ घ्या’ असे सांगू नये; पाठलाग सुरू झाला की ते खोल बुडी मारतात आणि फोटोही जातो, आकडाही.

१४. किनाऱ्यावर जखमी किंवा मृत प्राणी आढळला तर?

प्रथम १९२६ वर फोन करावा आणि गर्दी व कुत्री दूर ठेवावीत. जिवंत डॉल्फिन किंवा व्हेलला ढकलून पाण्यात परत सोडण्याचा मोह होतो, पण असा प्राणी बहुधा आजारी किंवा थकलेला असतो आणि पुन्हा किनाऱ्याला लागतो. त्याला पोटावर सरळ ठेवावे, शेपटी किंवा वल्हे धरून ओढू नये, अंगावर ओले कापड टाकावे. डोक्यावरचे श्वसनछिद्र उघडे ठेवावे आणि त्यात पाणी किंवा वाळू जाऊ देऊ नये. जाळ्यात वल्हे तुटलेले कासव सावलीत, ओल्या कापडाखाली ठेवावे. त्यालाही समुद्रात सोडू नये आणि काही खायला घालू नये. समुद्रसाप वाळूवर निपचित पडलेला असला तरी मेला असे समजून हात लावू नये, कारण समुद्रसाप विषारी असतात.

मृत प्राण्याची नोंदही तितकीच आवश्यक आहे: संपूर्ण शरीर, डोके, जखमा यांची छायाचित्रे, शेजारी मोजपट्टी, आणि प्राणी ताजा आहे की कुजलेला. जाळ्याचे तुकडे अडकलेले असल्यास ते न काढता आधी छायाचित्र घ्यावे.

१५. शंख, प्रवाळ, ‘उलटी’ असे काही सापडले तर नमुना म्हणून आणता येईल का?

आणू नये. छायाचित्र हाच नमुना. काही शंख, प्रवाळे आणि घराच्या भिंतीवर लावण्यासाठी ‘इंद्रजाल’ म्हणून विकले जाणारे समुद्रपंखे कायद्याने संरक्षित आहेत. व्हेलची ‘उलटी’ म्हणून ओळखला जाणारा पदार्थ जवळ बाळगणे हादेखील गुन्हा आहे, मग तो विकत घेतलेला असो की वाळूत सापडलेला. तसा गोळा दिसल्यास हात न लावता वनविभागाला कळवावे आणि व्हॉट्सॲपवर भाव विचारत बसू नये. मालवण सागरी अभयारण्य १९८७ मध्ये घोषित झाले असून त्याच्या हद्दीत कोणतेही संघटित काम करण्यापूर्वी वनविभागाची लेखी परवानगी घ्यावी.

१६. घरट्याचे ठिकाण समाजमाध्यमांवर टाकावे का?

टाकू नये. कासवाचे घरटे, समुद्री गरुडाचे घरट्याचे झाड, सुरयांच्या विणीच्या खडकाळ बेटाचा नेमका भाग, यांची माहिती वनविभागाला आणि गणनेच्या समन्वयकाला द्यावी, इतरांना नाही. आयनॅचरलिस्ट या जीवनोंदींच्या संकेतस्थळावर संकटग्रस्त जातींचे ठिकाण आपोआप धूसर केले जाते. पण छायाचित्रात मागे देवळाचा कळस किंवा ओळखीचा धक्का दिसत असेल तर त्या सोयीचा उपयोग उरत नाही.

१७. मच्छीमारांनी सांगितलेली माहिती नोंद म्हणून धरावी का?

धरावी, परंतु वेगळ्या रकान्यात. रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचे मोठे जाळे, ओढणाऱ्या ज्येष्ठ माणसाला कोणत्या वाऱ्याला काय येते याची आपल्यापेक्षा कितीतरी खोल जाण असते. ‘स्वतः पाहिले’, ‘ऐकले’ आणि ‘पूर्वी दिसत असे’ यांची सरमिसळ मात्र करू नये. त्यांच्याशी बोलताना ‘मामा’, ‘काका’ म्हणून, काम आटोपल्यावर बोलावे. जाळे ओढले जात असताना वही उघडू नये, हात लावायला जावे. जाळ्यात अडकलेला संरक्षित प्राणी जाळे कापून सोडल्यास २५ हजार रुपयांपर्यंत नुकसानभरपाई देण्याची राज्य शासनाची योजना २०१८ पासून आहे. ती अनेकांना माहीत नसते. ती सांगणे हाही आपल्या कामाचा भाग आहे. त्यासाठी सुटकेचे छायाचित्रण लागते, तेवढी मदत आपण करू शकतो.

१८. ड्रोनने मोजणी सोपी होणार नाही का?

आमच्या गणनेत ड्रोन चालत नाही. विश्रांती घेणारा थवा तो घार समजून उडतो, आणि किनाऱ्यावरचे अनेक भाग हवाई व सुरक्षेच्या निर्बंधांखाली येतात.

१९. माझी नोंद तपासनीसाने परत पाठवली. हा अविश्वास आहे का?

नाही. तपासनीस हेसुद्धा स्वयंसेवकच असतात. त्या ठिकाणी, त्या महिन्यात अपेक्षित नसलेली जात किंवा अवाढव्य संख्या आली की ती आपोआप त्यांच्यापुढे येते. छायाचित्र किंवा वर्णन पाठवावे: आकार कशासारखा, चोच, पाय, उडताना पंखावर पांढरी पट्टी होती का. पुरावा नसेल तर नोंद प्रश्न ८ मध्ये सांगितल्याप्रमाणे गटाच्या पातळीवर आणावी. आपल्या यादीत ती आपल्यासाठी राहतेच.

२०. घरटी वाढली म्हणजे कासवे वाढली, असे म्हणता येईल का?

लगेच म्हणता येणार नाही. वेळासला सह्याद्री निसर्ग मित्र या चिपळूणच्या संस्थेने २००२ मध्ये संवर्धनाचे काम सुरू केले. त्यानंतर कोकणातल्या एकेका गावात कासवमित्र उभे राहिले आणि पूर्वी कोणी न पाहिलेले किनारे रोज पाहिले जाऊ लागले. शोध वाढला की सापडणारी घरटी वाढतात. एकच मादी एका हंगामात एकाहून अधिक वेळा अंडी घालू शकते, ती दरवर्षी येईलच असे नाही, आणि नर तर किनाऱ्यावर येतच नाहीत. म्हणून घरट्यांची बेरीज हा माद्यांचा आकडा नाही आणि कासवांचा तर नाहीच.

तुलना करायची तर तोच किनारा, तितकेच किलोमीटर, तितक्याच पहाटा, अशी करावी. ‘विक्रमी घरटी’ अशी बातमी वाचली की पहिला प्रश्न, यंदा किती किनाऱ्यांवर पाहणी झाली, हा विचारावा. आनंद मानायला हरकत नाही. कासवमित्रांच्या कष्टांचा तर नक्कीच.

२१. ठरलेल्या दिवशी यात्रा, पाऊस किंवा वारा आला तर तारीख बदलावी का?

कुणकेश्वरची महाशिवरात्रीची यात्रा हे याचे नेहमीचे उदाहरण. माघ वद्य चतुर्दशी म्हणजे उधाण, प्रश्न ६ मधल्या हिशोबाने भरती साडेदहाच्या सुमारास, म्हणजे पक्षी मोजायला अगदी सोयीची. पण त्याच वेळी वाळूवर भाविकांची गर्दी असते आणि पक्षी दुसरीकडे गेलेले असतात. वर्षांची तुलना करायची असेल तर अशी तिथी मुळातच निवडू नये. शुक्ल पक्षातली चतुर्दशी घ्यावी, पाण्याची स्थिती तशीच मिळते. ठरलेल्या दिवशी अनपेक्षित गर्दी, मोटारींच्या फेऱ्या किंवा सैल कुत्री आढळली तर मोजणी रद्द करू नये, ती करून अडथळा लिहावा. दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजल्यास ती स्वतंत्र यादी होते. दोन्ही याद्यांची सरासरी काढून तिसरा आकडा तयार करू नये, आणि दोनांपैकी चांगला दिसणारा आकडा ठेवून दुसरा पुसू तर अजिबातच नये.

पाऊस, धुके किंवा जोराच्या वाऱ्यामुळे समोरचा काठच दिसत नसेल तर मात्र थांबावे. अशा वेळी रकान्यात शून्य न लिहिता ‘मोजणी झाली नाही’ असे लिहून कारण द्यावे. प्रश्न ९ मधले शून्य म्हणजे नीट पाहिले आणि पक्षी नव्हते; इथे आपण पाहूच शकलो नाही. नवीन तारीख ठरवताना मूळ तारखेपासून सुमारे १५ दिवसांनी, म्हणजे त्याच आकड्याच्या पुढच्या तिथीला जावे.